गिनीपिगचें अंथरूण

हल्लीं आपल्या शहरांतील बऱ्याच घरांत गिनीपिग पाळण्याची हौस दिसून येते. वाढदिवसाला मुलाच्या हातीं एक पिंजरा येतो. त्यांत मऊ केसांचे, शेपूट नसलेले दोन जीव असतात. आणि त्यांना काय खावयास द्यावें, त्यांचीं नांवें काय ठेवावीं, याची चर्चा आठवडाभर चालते. त्यांच्या खालीं काय अंथरावें हा प्रश्न मात्र बहुधा शेवटीं निघतो, व दुकानदार देईल तें किंवा फुकट सांपडेल तें, असें त्याचें उत्तर ठरून जातें. माझ्या मतें हा क्रम उलटा आहे. ज्या प्राण्याचें बहुतेक आयुष्य त्या चार हात जागेंत जावयाचें, त्याला अंथरूण हें अन्नाच्याच तोलाचें आहे.

हें मत मीं पुस्तकांतून बनविलेलें नाहीं. तें एका चुकीनें मला शिकविलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, पिंजऱ्यांत काय घालूं?" मी विज्ञान शिकवितों, तेव्हां उत्तर द्यावयास मला क्षणही लागला नाहीं. "लांकडाच्या वखारींतून भुसा आण. ओल शोषून घेईल, आणि वासही चांगला येईल." मुलानें तसेंच केलें. पुढें आषाढ लागला. एके दिवशीं तो मधल्या सुटींत माझ्याकडे आला व म्हणाला कीं, एक गिनीपिग सारखा शिंकतो, त्याच्या डोळ्यांच्या कडांना खपली धरली आहे, आणि कालपासून त्यानें गवताला तोंड लावलेलें नाहीं. शाळा सुटल्यावर आम्हीं दोघे पिंजरा घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं पिंजऱ्यांत हात घातला, मूठभर भुसा उचलला आणि विचारलें, "हा कोणीं घालावयास सांगितला?" मुलगा खालीं पाहूं लागला. माझें नांव घेण्याचा त्याला धीर होईना. तेव्हां मलाच सांगावें लागलें. तो प्राणी तिसऱ्या दिवशीं गेला. भुसा त्याच सायंकाळीं काढून टाकला होता; दुसरा वांचला. केवळ भुशामुळेंच पहिला दगावला असें ठामपणें सांगतां येणार नाहीं. परंतु त्याच्या दुखण्यास माझ्या सल्ल्याचा हातभार लागला, हें मी नाकारूं शकत नाहीं.

माझी चूक कोठें झाली? मीं अंथरूण माझ्या नाकानें पारखलें. माणूस उभा असतां त्याचें नाक जमिनीपासून चार-पांच फूट उंच असतें. गिनीपिगचें नाक अंथरुणापासून दोन बोटेंही दूर नसतें. आम्हांला जो मंद सुवास वाटतो, तो त्याला अहोरात्र श्वासाबरोबर घ्यावा लागतो. वखारींतील भुसा पिठासारखा बारीक असतो. प्राण्यानें पाऊल टाकलें कीं त्याची धूळ उडते. शिवाय तो कोणकोणत्या लांकडांचा, कोणतें औषध किंवा सरस लावलेला, हें वखारवाल्यासही सांगतां येत नाहीं. चीड, देवदार अशा लांकडांचा सुवास त्यांतील तेलांमुळें येतो. 1967 सालीं एलियट व्हेसेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें 'सायन्स' या नियतकालिकांत आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सीडर व पाइन यांच्या ढलप्यांवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतांतील, औषधें जिरविणाऱ्या द्रव्यांचें कार्य वाढलें होतें. झोपेचें औषध दिलें तर हे उंदीर नेहमींपेक्षां लौकर जागे होत. म्हणजे नुसत्या अंथरुणानें त्यांच्या शरीराचा व्यापार बदलला होता. प्रयोग उंदरांवर झाले, गिनीपिगांवर नव्हे, हें खरें. तथापि सुवास म्हणजे स्वच्छता, ही समजूत सोडून देण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट ओलीची. मूत्रांतील युरियाचें सूक्ष्म जंतूंकडून विघटन होऊन अमोनिया वायु तयार होतो. त्यानें नाकाच्या व श्वासनलिकेच्या आंतील नाजूक त्वचेचा दाह होतो, आणि रोगजंतूंना वाट मोकळी होते. तसेंच गिनीपिगच्या तळव्यांवर केंस नसतात. ओलें अंथरूण किंवा उघड्या तारेचा तळ सतत पायांखालीं असला, तर तळवे लाल होतात, सुजतात, चिघळतात. आणि ही व्याधि बरी होण्यास महिनेही लागतात.

मग अंथरावें तरी काय? माझ्या मतें मऊ, धूळरहित व ओल शोषणारा, कागदाच्या लगद्याचा चुरा हा सर्वांत निर्धोक. तो सुमारें दोन इंच जाडीचा पसरावा. न मिळाल्यास वर्तमानपत्रांचे जाड थर घालून त्यांवर भरपूर वाळलें गवत घालावें; मात्र नुसता कागद लौकर भिजतो, म्हणून तो रोज बदलावा लागतो. फ्लीस नांवाचें मऊ कापड पुष्कळजण वापरतात. त्यांतून ओल खालीं उतरते व वरचा भाग कोरडा राहतो. परंतु त्याच्या खालीं जाड टॉवेलासारखा शोषक थर हवाच. भाताचा पेंढा ओल शोषीत नाहीं, व त्याचीं टोंकें डोळ्यांत जातात. तूस धुळीचें असतें. मांजरांसाठीं विकतात ती मातीची खडी तर मुळींच नको. ती पोटांत गेल्यास अपाय होतो.

आपल्या कोंकणांत व घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने हा प्रश्न अधिकच बिकट होतो. हे प्राणी मूळचे दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताकडचे. पेरू व बोलिव्हिया या देशांत ते आजही स्वयंपाकघरांत, चुलीच्या उबेला वावरतात. आमच्या श्रावणांतील दमट हवा त्यांच्या वाट्याला आपण आणिली आहे. त्या दिवसांत कापड वाळत नाहीं, गवताला बुरशी येते. म्हणून फ्लीस वापरणाऱ्यानें निदान तीन जोड ठेवावे, व न वाळलेला जोड कधींही पिंजऱ्यांत घालूं नये. एक सोपी परीक्षा सांगतों. रोज सकाळीं अंथरुणावर तळहात थोडा वेळ दाबून धरा. मग वांकून आपलें नाक प्राण्याच्या नाकाइतकें खालीं न्या. हात ओला झाला किंवा नाक झोंबलें, तर त्याच वेळीं अंथरूण बदला. शाळेंतून आल्यावर बदलूं, असें म्हणूं नका.

कित्येक पालक म्हणतील, "जनावर तें! गाईम्हशी शेणांत बसतात, रानांतील प्राणी मातीवर निजतात. याचेच एवढे चोचले कशाला?" हा आक्षेप वरवर योग्य वाटतो. परंतु रानांतील प्राणी ओली जागा सोडून कोरड्या जागेवर जातो. गाईलाही सकाळीं रानांत सोडतात. पिंजऱ्यांतील प्राण्याला तीं पावलें टाकण्याची मुभा आपणच नाहींशी केलेली असते. ज्यानें ती काढून घेतली, त्यानेंच त्या बदल्यांत कोरडी जागा दिली पाहिजे. हे चोचले नव्हेत. हें घेतलेलें ऋण फेडणें होय.

तेव्हां पालकांस माझी एवढीच विनंति आहे. प्राण्याची किंमत एकदां द्यावी लागते. अंथरुणाची किंमत पांच-सात वर्षें, दर आठवड्याला द्यावी लागते, आणि तींत पैशापेक्षां श्रमच अधिक. हा खर्च व हे श्रम झेपत नसतील, तर मुलाला तसें स्पष्ट सांगावें. नकार ऐकून मूल दोन दिवस रुसेल. पण रिकामा पिंजरा पाहून तें किती दिवस रडतें, हें मीं पाहिलें आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या शिक्षकांनीं कांहीं सांगितलें, तर त्यांनाही विचारा, "सर, हें आपणांस कशावरून ठाऊक?" त्या मुलानें त्या दिवशीं मला हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर देण्यापूर्वीं मी थोडा थांबलों असतों.