ते आता येत नाही

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो फिरून येतो. नऊ चौकोन, प्रत्येकात एक वस्तू. पान पसंद, मँगो मूड, रोला कोला, फँटम सिगारेट, गोल्ड स्पॉटची बाटली वगैरे. खाली लिहिलेलं असतं, 'यातल्या पाच ओळखल्यात तर तुमचं बालपण श्रीमंत होतं.' मग रडके इमोजी सुरू होतात. 'काय दिवस होते यार.' 'आताच्या पोरांना काय कळणार.'

आमची दहावीची बॅच २०१३ ची. या बॅचमधल्या कुणालाही गोल्ड स्पॉट आठवायचं कारण नाही. रमेश चौहान यांनी थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट १९९३ मध्ये कोका-कोलाला विकलं, आणि पुढे फँटाला जागा करून द्यायला गोल्ड स्पॉट बाजारातून उठवलं गेलं. ते विकलं गेलं तेव्हा आमच्यातला सगळ्यात थोरला जन्मलाही नव्हता. तरी तो रडतोय. कशासाठी? कुणाच्या तरी काकाने सांगितलेल्या आठवणीसाठी.

मला या रडण्याचा राग येतो. ग्रुपवर कधी बोललो नाही, इथे बोलतो. राग येण्याचं कारण साधं आहे. मालेगाव-मनमाड रस्त्यावरच्या एका गावात माझ्या वडिलांचं किराणा दुकान आहे आणि त्या फोटोतल्या निम्म्या वस्तू मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिल्या आहेत.

आतून गोळी वेगळी दिसते. बाहेरच्याला तिचा रंग दिसतो, आतल्याला पाकिटामागे सुटणारे चार-पाच रुपये. बरणीचं झाकण घट्ट लावलं नाही तर पावसाळ्यात गोळ्या कागदाला चिकटतात, मग पोरं परत आणतात. काउंटरवर सात-आठ बरण्या ओळीने. कोणती पुढे ठेवायची आणि कोणती मागे, हे पप्पा ठरवायचे, आणि त्यात बालपण वगैरे काही नव्हतं. ज्या गोळीचा सेल्समन उधारीवर माल देतो ती पुढे.

आणि एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. आमच्या दुकानातल्या बऱ्याच गोळ्या कुणी मागितलेल्याच नसायच्या. बिल अठ्ठेचाळीस रुपये, गिऱ्हाइकाने पन्नासची नोट दिली, गल्ल्यात दोन रुपये सुट्टे नाहीत. मग दोन गोळ्या किंवा चार. गिऱ्हाईक थोडं कुरकुरायचं आणि गोळ्या घरी नेऊन पोराच्या हातावर ठेवायचं. पोराला वाटायचं, आईने खाऊ आणला. आपण ज्याला बालपणाची चव म्हणतो, तिच्यातला बराचसा भाग पप्पांच्या गल्ल्यात सुट्टे नव्हते म्हणून आपल्या तोंडात आला.

मग हे सुट्टेच गेले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून अधिकृतपणे बाद झाली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने आजही चालतं, पण आमच्या गावात ते घेऊन बघा, रिक्षावालाही परत करेल. आता गोळीचा हिशोब लावा. आठ आण्याची गोळी. साखर महागली, डिझेल महागलं, मजुरी वाढली. किंमत वाढवायची तर साठ पैसे करता येत नाही, पंचाहत्तर करता येत नाही. थेट एक रुपया, म्हणजे एका रात्रीत दुप्पट. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच ठेवून आतली बिस्किटं कमी करता येतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. गोळी आधीच सुपारीएवढी, तिच्यातून काय कमी करणार? एक रुपया केला तरी पुढची पायरी दोन रुपये, म्हणजे पुन्हा दुप्पट. महागाई पैशापैशाने चढते आणि गोळीला मात्र जिन्याची एकेक अख्खी पायरी उडी मारावी लागते. ज्या कंपनीचा सगळा संसारच असल्या गोळ्यांवर, ती किती वर्षं उडी मारणार?

त्यानंतर आलो आम्ही. म्हणजे अक्षरशः मी. युपीआय २०१६ मध्ये आलं. मी पुण्यात ज्या कंपनीत काम करतो ती पेमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. पप्पांच्या काउंटरवर क्यूआर कोडचा स्टँड मीच नेऊन ठेवला, कौतुकाने. आता बिल अठ्ठेचाळीस झालं की अठ्ठेचाळीसच येतात. 'सुट्टे नाहीत' हे वाक्य दुकानातून गेलं आणि त्याच्याबरोबर गोळ्यांच्या निम्म्या बरण्या गेल्या. मी हे पाप म्हणून सांगत नाहीये, पप्पांना सुट्ट्यांची कटकट संपल्याचा आनंदच आहे. पण गोळी कुठे गेली असं विचारत फिरणाऱ्या माझ्या मित्रांनी एकदा स्वतःच्या फोनकडे बघावं. आम्ही अठ्ठेचाळीस रुपये अचूक भरतो आणि त्याच फोनवर पान पसंदच्या फोटोला बदाम देतो.

आता रावळगावचं घ्या. मालेगाव तालुक्यात रावळगाव नावाचं खरंखुरं गाव आहे हे ग्रुपवरच्या पुण्या-मुंबईच्या मित्रांना ठाऊक नव्हतं. त्यांना ते गोळीचं नाव वाटायचं. वालचंद हिराचंद यांनी तिथे ऊसशेती आणि साखर कारखाना उभा केला. कंपनी १९३३ ची. ज्या माणसाने पुढे विमानाचा आणि मोटारींचा कारखाना काढला, त्याच्याच उद्योगातून १९४० च्या दशकात गोळ्या यायला लागल्या. साखर आपलीच, मग गोळी का नको, असा सरळ हिशोब असावा. आमच्या गावापासून तासाभरावर बनलेली वस्तू अख्ख्या देशात जायची आणि तिच्यावर आमच्या तालुक्याशेजारच्या एका खेड्याचं नाव असायचं. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा. तेवढा एक हळवेपणा मीही कबूल करतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने गोळ्यांचा धंदा विकला. रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने घेतला, २७ कोटी रुपयांना. बातमी नीट वाचण्यासारखी होती. विकले गेले ते ट्रेडमार्क, पाककृती आणि बौद्धिक संपदेचे हक्क. जमीन, इमारत, यंत्रं सौद्यात नव्हती, ती जुन्या कंपनीकडेच राहिली. संघटित आणि असंघटित दोन्हीकडून स्पर्धा वाढली, धंदा टिकवणं अवघड झालं, असं कंपनीचं म्हणणं होतं.

म्हणजे बघा. जिथे पाक उकळला, जिथे गोळी कापली गेली, कागदात गुंडाळली गेली, ते काहीच या सौद्यात नाही. किंमत आली ती नावाला आणि नावाभोवती साठलेल्या आपल्या आठवणींना. २७ कोटी हा आकडा मोठा वाटतो, पण मुंबईत समुद्राकडे तोंड असलेला एखादा फ्लॅट याहून महाग जातो. ऐंशी वर्षांच्या गोळ्यांची एवढीच किंमत! त्या दिवशी ग्रुपवर काय चर्चा होती? 'वा, आता पान पसंद पुन्हा सगळीकडे मिळणार!' एकानेही विचारलं नाही की त्या गावाचं, तिथल्या कामगारांचं पुढे काय.

कॅम्पा कोलाचं तेच. तीही रिलायन्सनेच २०२२ मध्ये सुमारे २२ कोटींना घेतली आणि २०२३ मध्ये बाजारात आणली. १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेल्यावर तिच्याच जुन्या बाटलीवाल्यांनी, प्युअर ड्रिंक्सने, काढलेलं ते पेय. माझ्या वयाच्या कुणाला त्याची चव आठवायचं कारण नाही. पण उन्हाळ्यात ऑफिसमधल्या एकाने 'नॉस्टॅल्जिया' म्हणत कॅम्पाचा फोटो टाकला. अरे, कुणाचा नॉस्टॅल्जिया? तुझा जन्म १९९८ चा!

चवीबद्दल जे छातीठोकपणे बोलतात त्यांच्यासाठी एक किस्सा. गेल्या वर्षी टीममधल्या कोल्हापूरच्या मित्राने ऑनलाइन 'बालपणाचा डबा' मागवला. पाचशे रुपयांना पुठ्ठ्याची खोकी, आत वीस-पंचवीस गोळ्या आणि एक भोवरा. त्याने पानाच्या चवीची गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाला, 'तीच! अगदी तीच!' मी कागद उलटा करून वाचला. नाव मिळतंजुळतं, एक अक्षर इकडचं तिकडे. बनवणारी कंपनी वेगळीच, कधी न ऐकलेली. मी कागद त्याच्यापुढे धरला तर रागावला माझ्यावर. मला वाटतं आमच्यापैकी बहुतेकांचं हेच होईल. साखर, ग्लुकोजचा पाक, थोडं आम्ल, इसेन्स आणि रंग. उकळलेल्या गोळीत याहून फार काही नसतं. आपल्याला गोळी आठवत नाही, आठवतो तो कागद.

आणि ज्याला कागदच नव्हता त्याचं काय? आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर एक मावशी पोतं अंथरून बसायच्या. बोरं, बोरकूट, चिंचेचे गोळे, तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. जत्रेत गोडी शेव आणि रेवड्या. प्लास्टिकच्या लांब नळीतला रंगीत बर्फ, ज्याला आम्ही सगळे पेप्सी म्हणायचो आणि ज्याचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता. आम्ही पान पसंदपेक्षा दसपट बोरकूट खाल्लं असेल. त्या नऊ चौकोनांत मावशी कधीच नसतात. ट्रेडमार्क नाही, म्हणून फोटो नाही. फोटो नाही, म्हणून आठवण नाही. त्यांना कुणी २७ कोटींना काय, २७ रुपयांनाही विकत घेणार नाही, कारण विकायला नावच नाही. मलाही त्यांचं नाव माहीत नाही. दहा वर्षं रोज त्यांच्याकडून खाल्लं आणि विचारलं नाही.

फँटम सिगारेटबद्दल एकच वाक्य. लाल टोकाची साखरेची कांडी पोरांच्या ओठांत सिगारेटसारखी धरायला देणं ही गोष्ट सिगारेट म्हणून बंद झाली तर बरंच झालं, तिच्यासाठी रडू नका.

यावर ग्रुपमधला माझा जवळचा मित्र म्हणेल, 'तू फार सीरियस घेतोस राव, दोन मिनिटं बरं वाटतं, वाटू दे.' वाटू दे की. पण ते दोन मिनिटांवर थांबत नाही. २०१९ मध्ये ट्विटरवर एकाने पार्लेकडे रोला कोला परत आणायची मागणी केली, कंपनीने दहा हजार रीट्वीटची अट घातली, लोकांनी ती पूर्ण केली आणि त्याच वर्षी रोला कोला परत आली. कंपनीने काही गैर केलं नाही, उलट हुशारी केली. आमच्या धंद्यात याला मागणीचा अंदाज म्हणतात आणि तो काढायला पैसे मोजावे लागतात. इथे दहा हजार जणांनी तो फुकट करून दिला, वर जाहिरातही. पप्पांनी तेव्हा एक बॉक्स आणला होता. ग्रुपवर मी फोटो टाकला, चाळीसेक बदाम आले. बॉक्स संपायला पाच महिने लागले, आणि शेवटच्या काही माझ्या भाचीने खाल्ल्या.

त्या भाचीला सध्या छोट्या प्लास्टिकच्या वाटीतली जेली आवडते. झाकण दाताने फाडून ती एका दमात ओढते, निम्मी फ्रॉकवर सांडते. मला ती जेली बघवत नाही. 'आताच्या पोरांना काय कळणार' म्हणणाऱ्यांनी तिच्यासमोर दहा मिनिटं बसावं. तिला जे कळायचं ते कळतंय. वीस वर्षांनी ती जेली बंद होईल आणि तेव्हाचा कुणी शहाणा तिचा फोटो चौकोनात टाकेल.

माझा खरा राग इथे आहे. ग्रुपमधले सहा-सात जण अजून गावातच राहतात. त्यातले दोघं दुकानापासून चालत तीन मिनिटांवर. दोघांच्या घरचा किराणा महिन्यातून एकदा शहरातल्या मोठ्या बाजारातून गाडीने येतो, मधेअधे लागलं तर कुरिअरने. त्यांचं बरोबर आहे, तिथे स्वस्त मिळतं, मीही पुण्यात दहा मिनिटांत दूध मागवतो. पण मग दुकानातली बरणी गेली म्हणून गळा काढू नका. बरणी दुकानात असते, आणि दुकान तुमच्यामुळे चालतं किंवा चालत नाही. तुम्हाला गोळी हवीय, दुकान नकोय. काउंटर हवाय फोटोपुरता, त्याच्यामागे सकाळी सातपासून उभा असलेला माणूस नकोय.

सॉफ्टवेअरमध्ये एखादी गोष्ट बंद करायची असेल तर आम्ही सहा महिने आधी नोटीस लावतो, तारीख देतो, पर्याय सुचवतो. गोळीची नोटीस कधी आली नाही. सेल्समन यायचा, पप्पा यादी वाचायचे, तो मधेच एका नावावर पेन न उचलता म्हणायचा, 'ते आता येत नाही, शेठ.' पप्पा 'बरं' म्हणायचे आणि पुढचं नाव वाचायचे. कॉफी ब्रेक असंच गेलं आमच्याकडून. त्या बरणीत मग शाम्पूच्या पुड्या आल्या.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा पप्पा म्हणाले, चैत्रापर्यंत बघू, नाहीतर पुढची अर्धी जागा मोबाइलवाल्याला भाड्याने देऊ. मी त्या रात्री ग्रुपवर लिहिलं, 'आमच्याकडे बरणीत लिमलेटच्या गोळ्या अजून आहेत, एक रुपयाला एक, सुट्टे नसले तरी चालेल, युपीआय आहे.' एकवीस अंगठे आले. एकाने विचारलं, 'होम डिलिव्हरी आहे का?'