दोघांनीच जायचं, पण जवळ



लग्नाला पंचवीस वर्षं झाली की हल्ली आपल्यातली जोडपी जपानला जायचं म्हणतात. चार दिवस, शहराबाहेर एखादी शांत वस्ती, कुणी जोरात बोलत नाही, असं ऐकलेलं असतं. त्यातलं ‘दोघांनीच’ मला पटतं, जपान नाही पटत.

कारण जेवणाचं. तिथे सूप असो की शिजवलेली भाजी, त्यात ‘दाशी’ असतं, म्हणजे बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क. बौद्ध मठांतल्या जेवणात मासे, कांदा, लसूण नसतो, पण मुळा आणि कमळाचं मूळ असतंच. कोबेला १९८५ साली बांधलेलं देरासर आहे, तिथे दर्शन होईल. पण चारही दिवसांच्या जेवणाचं काय? एकतर महाराज सोबत असलेली चाळीस जणांची टूर घ्यायची, मग ‘दोघं’ कुठे राहिले? नाहीतर खाकरे, थेपले आणि छोटा कुकर बॅगेत भरायचा. खोलीवर खिचडी कोण लावणार, हे सांगायला नको.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे, देशावकाशिक आहे. अमुक दिवस अमुक हद्दीबाहेर जाणार नाही, हा नियम. आपण तो उपाश्रयात घेतो. फिरायला जातानाही घ्यायला काय हरकत आहे?

लासूर स्टेशनहून वेरूळ किती लांब आहे? सगळी गर्दी कैलास लेण्यापाशी थांबते. आपली ३० ते ३४ क्रमांकांची लेणी पार उत्तरेच्या टोकाला, तिथवर फार थोडे लोक येतात. इंद्रसभेत तासभर बसा. बाहुबलींच्या अंगावर चढलेल्या वेली नीट बघा, गाइडची घाई नसते. हॉटेलात ‘जैन’ म्हटलं की आपल्याकडे कळतं, आधी सांगून ठेवलं तर सूर्यास्ताच्या आत जेवणही होतं. वर म्हैसमाळला एक सकाळ.

खरी अडचण अंतराची नाहीच. ‘आम्ही दोघं जाऊन येतो’ हे घरात म्हणायची आपल्याला लाज वाटते. मग डॉक्टरांना दाखवायचंय म्हणायचं, नाहीतर दर्शनाचं नाव काढायचं, आणि दर्शन म्हटलं की सासूबाई, नणंदबाई, मुलं, सगळी गाडीत. त्यांच्याबरोबर कचनेरला जरूर जा, पण ती यात्रा वेगळी. यावेळी सासूबाईंना सरळ सांगा. बहुतेक जणी ‘जा बाई’ म्हणतील. त्यांना स्वतःला कुणी कधी विचारलं नव्हतं.

कापूस-मक्याचा हंगाम ओसरला की दुकानातून दोन दिवस निघतात. फक्त मंगळवार टाळा, लेणी बंद असतात.