शेजाऱ्याने पैसे पुढे केले तर...



शेजारच्या काकूंचे औषध आणून दिले, आजोबांना पहाटे स्टेशनवर सोडले, कुणाचा पेन्शनचा अर्ज भरून दिला आणि काम आटोपून निघताना समोरून पन्नासची किंवा शंभरची नोट पुढे आली. आपण म्हणतो, "अहो, हे काय! पैसे कसले?" समोरून उत्तर येते, "नाही, घ्यायलाच हवेत. नाहीतर पुन्हा काही सांगणार नाही." मग दारातच थोडी ओढाताण होते. कधी नोट आपल्या खिशात येते, कधी त्यांच्या बटव्यात परत जाते. पण दोन्ही वेळा मनाला काहीतरी टोचत राहते. इंदूरच्या आपल्या वस्त्यांमध्ये, मग ते लोकमान्य नगर असो, राजेंद्र नगर असो की सुदामा नगर, हा प्रसंग कुणालाच नवा नाही.

शाळेच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असे कुणी विचारेल. याचे कारण असे की हल्ली ही कामे करणारे हात बहुधा आपल्या विद्यार्थ्यांचेच असतात. मोबाइलवर विजेचे बिल भरायचे असो, गॅसचे सिलेंडर नोंदवायचे असो की रेल्वेचे तिकीट काढायचे असो, शेजारच्या आजी-आजोबांना प्रथम आठवतो तो आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी. आणि त्याच्या हातावर नोट ठेवली गेली की घरात चर्चा सुरू होते.

पालकांशी बोलताना यावर दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, "मेहनतीचे पैसे घेतले तर बिघडले काय? फुकट राबायची सवय लागली तर उद्या जग मुलांना राबवून घेईल." दुसरे म्हणतात, "शेजाऱ्याकडून पैसे घेतले म्हणजे संस्कारच बुडाले." मला वाटते, दोन्ही पक्षांचे लक्ष नोटेकडे आहे, नोट देणाऱ्याकडे नाही. तो माणूस पैसे का देतो आहे, हे आधी पाहावे.

पहिले कारण अगदी साधे असते. औषधाला, पेट्रोलला, झेरॉक्सला आपल्या पदरचे पैसे गेले आहेत आणि ते परत करणे त्याला आपले कर्तव्य वाटते. दुसरे कारण प्रेमाचे. आजी मुलाच्या हातावर वीस रुपये ठेवून "खाऊला घे" म्हणतात, तेव्हा त्या मजुरी देत नसतात. सुट्टीत घरी आलेले मामा देतात, त्याच जातीचे ते पैसे. आणि तिसरे कारण असते मिंधेपणाच्या भीतीचे. ज्याला वारंवार मदत लागते आणि बदल्यात काही करता येत नाही, अशा माणसाला प्रत्येक उपकार जड वाटतो. नोट पुढे करून तो ते ओझे उतरवू पाहतो. आपण ओढाताण करून ती नोट परत केली की आपले मन हलके होते, पण त्याचे ओझे तसेच राहते.

हे तिसरे कारण आपल्या शहरात दिवसेंदिवस वाढते आहे. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी गेलेली आणि घरात एकटी आई किंवा दोघेच म्हातारे, अशी घरे आता प्रत्येक गल्लीत आहेत. ओळखीतल्या एका आजींचे उदाहरण सांगते. शेजारचा तरुण त्यांना औषधे आणून द्यायचा आणि मोठ्या अभिमानाने एक पैसाही घ्यायचा नाही, औषधाचेसुद्धा नाही. चार-पाच वेळा असे झाल्यावर आजींनी त्याला सांगणेच बंद केले. ऐन वैशाखात त्या स्वतः रिक्षा करून दुकानात जाऊ लागल्या. तरुणाला वाटले, आजींना आता गरज राहिली नाही. खरे तर त्याच्या चांगुलपणानेच त्यांचा एक आधार काढून घेतला होता.

याच्या उलट उदाहरणही पाहण्यात आहे. एका मुलाला समोरच्या घरातून प्रत्येक फेरीचे वीस रुपये मिळत. काही महिन्यांनी एका संध्याकाळी दळण आणायला सांगितले, तेव्हा त्याने दारातच विचारले, "किती द्याल?" सांगणाऱ्या काकू गप्प झाल्या. त्या मुलाची चूक मी म्हणणार नाही, कारण फेरीला वीस हा हिशेब मोठ्यांनीच त्याला शिकवला होता. एकीकडे काहीच न घेतल्यामुळे हाक थांबली, दुसरीकडे दर ठरल्यामुळे हाकेतला मोकळेपणा गेला.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आणि मराठी मिळाली ती घरातून व वस्तीतून. त्यामुळे 'व्यवहार' हा शब्द मला दोन्हीकडून ऐकू येतो. हिंदीत व्यवहार म्हणजे वागणूक. माळव्यातल्या लग्नात पाकिटातून दिल्या जाणाऱ्या रकमेलाही व्यवहारच म्हणतात. ती वहीत लिहून ठेवतात आणि पुढे देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की तिच्यात थोडी भर घालून परत करतात. मराठीत मात्र "हा निव्वळ व्यवहार आहे" असे म्हटले की त्यातला ओलावा संपला. शब्द एकच, पण एका ठिकाणी तो नाते चालू ठेवतो आणि दुसऱ्या ठिकाणी हिशेब मिटवतो. आहेराची रक्कम आपण पन्नास किंवा शंभर न देता एकावन्न किंवा एकशे एक देतो. वर ठेवलेला तो एक रुपया, खाते बंद झालेले नाही, हेच सांगत असतो. म्हणजे पैसा मुळात वाईट नाही. तो कोणत्या भावनेने दिला-घेतला जातो, यावर सारे अवलंबून आहे.

लहानशी रक्कम मुलांच्या मनावर काय परिणाम करते, याचा एक अभ्यास शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. इस्रायलमध्ये शाळेतली मुले घरोघर जाऊन चांगल्या कामासाठी देणगी गोळा करत. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला फक्त कामाचे महत्त्व सांगितले. दुसऱ्या गटाला जमलेल्या रकमेच्या १ टक्का आणि तिसऱ्याला १० टक्के मोबदला देऊ केला. तो मोबदला देणग्यांतून जाणार नव्हता, वेगळा मिळणार होता. सर्वांत जास्त देणगी जमवली ती काहीही न मिळणाऱ्या गटाने. १० टक्केवाले दुसरे आले आणि १ टक्केवाले सर्वांत मागे राहिले. थोडासा मोबदला पुढे येताच मुले 'हे चांगले काम आहे' हा विचार सोडून 'एवढ्याशासाठी कोण फिरणार' असा विचार करू लागली असावीत. शेजारकामाचे दहा-वीस रुपये हे त्या १ टक्क्यासारखेच असतात. मजुरी म्हणून ते अगदी अपुरे आणि आपुलकी आटवायला मात्र पुरेसे.

आपल्या पूर्वजांनी हा पेच आपल्या परीने सोडवला होता. महाराष्ट्राच्या खेड्यांत इर्जिक नावाची रीत होती. एखाद्याचे शेतकाम अडले की आसपासचे शेतकरी आपापली बैलजोडी आणि औत घेऊन एक दिवस त्याच्या शेतात राबत. मजुरी कुणी मागत नसे आणि देतही नसे. पण ज्याचे शेत, तो सर्वांना पोटभर जेवू घाली. त्या जेवणाला कुणी "नको" म्हणाले असते तर तो यजमानाचा अपमान ठरला असता. आपल्या घरांतही तीच रीत वाटीच्या रूपाने टिकून आहे. शेजारून भाजीची वाटी आली की ती रिकामी परत करत नाहीत, चार लाडू किंवा मूठभर शेव तरी घालून देतात. देणाऱ्याला घेऊ द्यायचे आणि घेणाऱ्याला देऊ द्यायचे, हा त्यातला शहाणपणा.

आता मोबाइलमुळे एक नवी अडचण आली आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पुढे ते घरोघरी पोहोचले. पूर्वी नोट पुढे आली की हात जोडून, हसून "नको" म्हणता येत होते. आता आपण जिना उतरेपर्यंत पैसे खात्यात जमा झालेले असतात. ते तसेच उलट पाठवले तर त्यांच्याकडे जातो तो नुसता बँकेचा संदेश, आणि तो कोरडा वाटतो. अशा वेळी प्रत्यक्ष जाऊन बोलावे. "औषधाचे तेवढे ठेवले आहेत, बाकीचे परत पाठवते. त्याऐवजी रविवारी तुमच्या हातचे पोहे खाईन," एवढे म्हटले तरी काम होते.

यावरून माझे मत स्पष्ट सांगते. खर्चाचे पैसे संकोच न करता, पावती दाखवून, रुपयापर्यंत घ्यावेत. ते नाकारण्यात मोठेपणा नाही, उलट समोरच्याची पुढची हाक आपण अवघड करतो. मजुरीचे पैसे शेजाऱ्याकडून घेऊ नयेत, पण नुसते "नको" म्हणून निघूनही येऊ नये. त्याऐवजी काहीतरी मागून घ्यावे. लोणच्याची फोड, कुंडीतली तुळस, इंग्रजीचा एक धडा, जुन्या इंदूरच्या दोन आठवणी, काहीही चालेल. निवृत्त शिक्षक असलेल्या आजोबांकडून गणित शिकून घ्यायला कुणाची हरकत आहे? आणि वडीलधाऱ्याने प्रेमाने ठेवलेले खाऊचे पैसे नमस्कार करून घ्यावेत. मात्र ते प्रत्येक फेरीला येऊ लागले, तर ते खाऊचे राहिले नाहीत, हे आईवडिलांनी ओळखावे आणि शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोलावे.

जे काम एकदोनदा नाही तर रोजचे आहे, त्याचा नियम वेगळा. शेजाऱ्याच्या मुलाला रोज आपल्या गाडीवर शाळेत सोडणे, वर्षभर त्याची शिकवणी घेणे, रोजचा डबा पोहोचवणे, ही कामे संकोचापोटी फुकट स्वीकारली जातात आणि मग मनातल्या मनात कुरकुर सुरू होते. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७० सुद्धा हेतू पाहते. फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्याचे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई देणे त्याच्यावर बंधनकारक ठरते. जे काम मुळातच फुकट म्हणून केले, त्याला हे कलम लागू होत नाही. शेजाऱ्यांनी कोर्टात जावे असे अर्थातच कुणी सुचवणार नाही. पण हेतू आधीच स्पष्ट असावा, ही त्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे. मोबदला हवा असेल तर पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावे आणि ठरलेला मोबदला निःसंकोच घ्यावा. त्यात काहीही कमीपणा नाही. फुकट करायचे ठरवले असेल तर मग ते बोलून दाखवू नये.

ज्येष्ठ वाचकांनाही एक विनंती आहे. मुलाच्या हातात नोट कोंबण्यापूर्वी त्याला दोन मिनिटे बसवून घ्या. त्याच्या परीक्षेची चौकशी करा, त्याच्या कामाची त्याच्या आईजवळ आवर्जून तारीफ करा. तुमच्याकडे देण्यासारखे काही उरले नाही, हा समज मनातून काढून टाका. तुमची जवळीक ही मुलांना पैशांपेक्षा जास्त दिवस पुरते, हे मी शाळेत रोज पाहते.

विद्यार्थी मित्रांनो, पैसे घ्यावेत की नाही याचा निर्णय दारात उभे राहून होत नसेल, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा : मी आता जे करीन, त्यानंतर ही व्यक्ती मला पुन्हा हाक मारू शकेल का? तिला लाज न वाटता, पाकीट न चाचपता, संकोच न करता? पैसे घेतल्याने ती हाक सोपी होत असेल तर घ्या, न घेतल्याने होत असेल तर घेऊ नका. आपल्या वस्तीत एकही म्हातारे माणूस केवळ संकोचापोटी औषधाविना राहू नये, एवढे आपण मिळून केले, तरी शेजारधर्म पुष्कळ पाळला असे मी समजेन.