‘मतं फोडणारे’ आणि ‘विकले गेलेले’ : कॅनडातलं भांडण आपण नीट समजून घेऊ

कॅनडातल्या बर्नबी शहरात, सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना या शहराचं नाव माहीत असतं. याच शहरातून २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे एनडीपीचे नेते जगमीत सिंग उभे होते. ते तिसऱ्या क्रमांकावर गेले. २०२१ मध्ये पक्षाच्या २५ जागा होत्या, त्या ७ वर आल्या. संसदेत पक्ष म्हणून मान्यता मिळायला लागतात १२.

तेव्हापासून तिथल्या पुरोगामी कार्यकर्त्यांत जुंपलेली आहे. एक गट म्हणतो, ट्रुडोंच्या लिबरल सरकारला टेकू दिलात, पक्ष विकलात. दुसरा म्हणतो, तुम्ही वेगळे लढता म्हणूनच उजव्यांचं फावतं, तुम्ही मतं फोडता. आपल्याला ही भाषा नवी आहे का? ‘बी टीम’, ‘दलाल’, ‘मतविभागणी’ हे शब्द आपणही रोज ऐकतो, आणि खरं सांगायचं तर आपणही वापरतो. म्हणून हे भांडण आम्हाला लांबचं वाटत नाही.

आधी ‘मतं फुटतात’ म्हणणाऱ्यांची बाजू पाहू. ती खोटी नाही. २००३ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातले दोन उजवे पक्ष एकत्र आले आणि २००६ मध्ये सत्तेत बसले. २०११ मध्ये त्यांना ३९.६ टक्के मतं पडली आणि ३०८ पैकी १६६ जागा मिळाल्या. म्हणजे दहातल्या सहा मतदारांनी नाकारलेल्या पक्षाला पूर्ण बहुमत! २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलगरी सेंटरच्या पोटनिवडणुकीत तेच झालं. उजव्या उमेदवाराला सुमारे ३७ टक्के, लिबरलला ३३ आणि ग्रीन पक्षाला २६ टक्के मतं पडली. निवडून आला उजवा पक्ष. त्याच वर्षी एनडीपीचे नेथन कलन आणि पुढच्या वर्षी लिबरल पक्षाच्या जॉइस मरे आपापल्या पक्षाच्या नेतेपदासाठी उभे राहिले. उजव्यांच्या जागी संयुक्त उमेदवार द्यावा, असं दोघंही म्हणत होते. दोन्ही पक्षांच्या सभासदांनी त्यांना हरवलं.

आता दुसरी बाजू. सहकार्य केलं की धाकट्या पक्षाचं काय होतं? १९७२ मध्ये एनडीपीच्या ३१ जागा होत्या. पक्षाने लिबरल अल्पमत सरकारला पाठिंबा दिला आणि १९७४ मध्ये १६ वर आला. ऑन्टारियो प्रांतात १९८५ मध्ये लिबरल आणि एनडीपी यांच्यात लेखी करार झाला. ४२ वर्षांची उजवी सत्ता गेली. समान मोलाच्या कामाला स्त्रियांना समान वेतन देणारा कायदा आला. पण १९८७ च्या निवडणुकीत १३० पैकी ९५ जागा लिबरलांनी घेतल्या, एनडीपीला १९ मिळाल्या. २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा करार झाला. त्यातून कमी उत्पन्नाच्या घरांना दंतोपचार मिळू लागले, मधुमेहाच्या औषधांसाठी सरकारी योजनेचा कायदा झाला, संपाच्या काळात बदली कामगार आणण्यावर बंदी आली. कामं गरिबांची झाली, श्रेय सरकारचं झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये एनडीपीने करार मोडला, तोवर उशीर झाला होता.

मग चूक कोणाची? आमच्या मते दोन्ही गट एकमेकांकडे बोट दाखवतात आणि खऱ्या दोषीला सोडून देतात. तो दोषी म्हणजे मत मोजण्याची पद्धत. ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून, बाकीच्यांची मतं वाया. आपल्याकडेही हीच पद्धत आहे. २०२५ मध्ये एनडीपीला ६.३ टक्के मतं पडली आणि ७ जागा मिळाल्या. ब्लॉक केबेक्वा या पक्षालाही ६.३ टक्केच मतं पडली, पण ती एकाच प्रांतात एकवटलेली होती, म्हणून २२ जागा! विखुरलेल्या समाजाचं मत या पद्धतीत कसं मातीमोल होतं, हे आंबेडकरी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

ट्रुडोंनी २०१५ मध्ये ही पद्धत बदलण्याचं वचन दिलं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते सोडून दिलं. हे ठाऊक असूनही २०२२ च्या करारात एनडीपीने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचं कलम मिळवलं नाही. आमची टीका इथे आहे. सहकार्य केलं म्हणून पक्ष विकला गेला असं आम्ही म्हणत नाही. दिलेल्या पाठिंब्याच्या बदल्यात योजना मिळाल्या, पण स्वतःच्या पायावर उभं राहण्याची ताकद मिळाली नाही. ब्रिटिश कोलंबियात २०१७ मध्ये ग्रीन पक्षाकडे फक्त ३ जागा होत्या. तरी त्यांनी करारात सार्वमताची अट घालून घेतली. २०१८ मध्ये ते सार्वमत हरलं, ६१ टक्क्यांनी जुनीच पद्धत निवडली. हरले, पण प्रश्न लोकांपुढे नेला.

बाबासाहेबांनी १९५१ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा कोणाशी सहकार्य करायचं आणि कोणाशी नाही हे त्यात उघड नोंदवलं. हिंदू महासभा आणि संघ नको, कम्युनिस्ट पक्षही नको. मग समाजवाद्यांशी निवडणूक समझोता केला. १९५२ मध्ये स्वतः हरले. पण अटी आधी, युती नंतर, ही शिस्त त्यांनी घालून दिली.

मित्रांनो, कार्यकर्ते एकमेकांना गद्दार म्हणत बसतात तेव्हा सर्वात खूश असतो मोठा पक्ष. कारण त्याला किंमत मोजावी लागत नाही. धाकट्याने ‘वेगळे लढू’ म्हटलं की तो मतविभागणीची भीती दाखवतो, ‘सोबत येऊ’ म्हटलं की चार योजनांवर बोळवण करतो. म्हणून पुढच्या वेळी युतीचा विषय निघाला की शिवी देण्याआधी आपण तीन प्रश्न विचारू. करार लेखी आहे का? तो लोकांसमोर ठेवला आहे का? आणि करार संपल्यावर आपली ताकद वाढलेली असेल की घटलेली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एनडीपीने वेळेत शोधलं असतं, तर ७ जागांवर येऊन भांडण्याची वेळ कदाचित आली नसती.

जय भीम!