आधी षड्ज पक्का करा

घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक तानपुरा जुळवणाऱ्या सगळ्यांना, आणि मुलांकडून तो प्रोजेक्ट म्हणून करून घेणाऱ्या शिक्षकांनाही, कळकळीची विनंती आहे. लाकडी पेटी, दिवे, चार-पाच बटणं हे सगळं नंतर करा. आधी सूर जागच्या जागी राहतो का, ते बघा. या पेटीसमोर एखादी मुलगी रोज तासभर रियाज करणार आहे. सा हळूहळू चढत गेला तर तीही नकळत त्याच्यामागून चढत जाईल, आणि गळ्याला लागलेली ही सवय मोडायला फार कष्ट पडतात.

बहुतेक जण ५५५ हा टायमर आयसी वापरतात. १९७२ पासून बाजारात असलेला हा आयसी चांगलाच आहे. सूर हलतो तो बहुतेकदा त्याला जोडलेल्या कपॅसिटरमुळे. दुकानात ‘१०४’ म्हणून मिळणारी स्वस्त सिरॅमिक चकती सूर ठरवण्याच्या जागी लावू नका. अशा चकत्यांची क्षमता तापमानाबरोबर खूप बदलते, आणि ती नुसती एक टक्का घटली तरी सूर सुमारे १७ सेंट चढतो. सेंट म्हणजे हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. तयार कानाला पाच-सहा सेंटही खटकतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात की ‘एनपीओ’ किंवा ‘सीझिरोजी’ प्रकारचा कपॅसिटर मागा. तापमान एका अंशाने बदललं तर त्याची क्षमता दहा लाखांत फार तर ३० भागांनी बदलते. सकाळ ते दुपार १५ अंशांचा फरक धरला, तरी कपॅसिटरमुळे सूर एका सेंटपेक्षा कमी हलेल. रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म घ्या आणि सूर लावायला मल्टिटर्न प्रीसेट वापरा. साध्या पॉटवर नेमकी जागा सापडत नाही आणि सापडली तरी टिकत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट. सा आणि प यांच्यासाठी दोन वेगळे ऑसिलेटर करू नका. ते एकमेकांपासून थोडे जरी सरकले तरी दोघांत लहर ऐकू येते आणि पंचम बेसूर होतो. एकच ऑसिलेटर वरच्या कंपनसंख्येला चालवा आणि तिथून भागत खाली या. काळी एकचा खर्जाकडचा सा १३८.६ हर्ट्झ, त्याची २४ पट म्हणजे ३३२६ हर्ट्झ. दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल तर ५५५ च्या सूत्रातली रेझिस्टरची बेरीज (पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट) साधारण ४३ किलोओहम येते. ही कंपनसंख्या सीडी ४०१७ ने तीनने भागा, मग सीडी ४०४० ने आठने भागा; हा झाला सा. मूळ कंपनसंख्या दुसऱ्या ४०४० ने ३२ ने भागली की १०४ हर्ट्झच्या आसपास मंद्र पंचम मिळतो, आणि सा-प चं नातं नेमकं चारास तीन राहतं. उन्हामुळे मूळ ऑसिलेटर किंचित सरकला तरी दोघे बरोबरच सरकतात. पट्टी बदलायलाही एकच प्रीसेट फिरवावा लागतो. निघणारी चौकोनी लहर कानाला टोचते, म्हणून पुढे रेझिस्टर-कपॅसिटरचा साधा फिल्टर द्या. गोडव्याचं काम त्यापुढचं.

वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष नको. तयार ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर घ्या. मुलांच्या हातात २३० व्होल्टची जोडणी देऊ नका. अ‍ॅडॅप्टरपुढे ७८०५ लावा. ५५५ च्या एक आणि आठ नंबरच्या पायांना अगदी लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, पाच नंबरच्या पायापासून ग्राउंडला ०.०१ चा. अ‍ॅम्प्लिफायरला ७८०५ च्या आधीच वेगळी वायर काढा, नाहीतर स्पीकरच्या प्रत्येक आवाजाबरोबर सूर थरथरतो. ब्रेडबोर्डवर फक्त चाचणी करा, मग झिरोबोर्डवर सोल्डर करा.

झाकण लावून अर्धा तास चालू ठेवा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरवर सुरुवातीचा आणि शेवटचा सूर लिहा. फरक पाच सेंटच्या वर गेला तर पेटी कुणाच्याही रियाजाला देऊ नका. बंद पेटीत ७८०५ तापतो, तेव्हा सूर ठरवणारा कपॅसिटर त्याच्यापासून लांब बसवा. या कपॅसिटरचा प्रकार आणि क्षमता झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे पुढे दुरुस्ती करणारा तिथे चकती लावणार नाही.