खुंटसुद्धा झाड!

शब्दकोश करणारी माणसे निरुपद्रवी असतात. मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत छापले. त्यात एखादा अर्थ चुकला असेलही. पण त्यापायी कुणाची बैलगाडी नाक्यावर अडकली नाही. माझे भांडण आहे कायद्याच्या पहिल्या पानावर व्याख्या करणाऱ्यांशी.

बांबूचेच घ्या. वनस्पतिशास्त्र म्हणते, बांबू हे गवत. गहू-तांदळाच्या कुळातले, फक्त अंगापिंडाने थोराड. पण १९२७च्या वन कायद्याची व्याख्या काय? तर 'झाड' या शब्दात ताड-माड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत येतात! खुंटसुद्धा! म्हणजे झाड तोडून नेले तरी मागे उरते ते झाडच. आणि मुळात झाड म्हणजे काय? ते काही सांगितलेले नाही. अशी व्याख्या आम्ही शाळेत लिहिली असती, तर मास्तरांनी वेताची छडी, म्हणजे कायद्याने झाडच, पाठीत घातली असती.

तुम्ही म्हणाल, असेना का झाड, आपल्या बापाचं काय जातं? पुण्या-मुंबईत काही जात नाही हो. पण गडचिरोलीत बांबू म्हणजे कुडाची भिंत, कुंपण, सूप, टोपली आणि पावसाळ्यात वास्त्यांची भाजी. तो झाड ठरला, की लाकडाच्या पंगतीला बसतो आणि परवाना मागतो. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात घातले. म्हणजे बांबू एकच. एका कायद्यात झाड, दुसऱ्यात गौण! धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना काही सुटेना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. गवत हलवायला दिल्लीहून मंत्री!

२०१७ साली व्याख्येतून 'बांबू' गाळला. खुंट अजून झाडच आहे.

जंगलाची तऱ्हा याहून न्यारी. १९९६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, कोशात जो अर्थ तेच जंगल. त्याने पुष्कळ झाडे वाचली, हे कबूल. पण चंद्रपूर-गडचिरोलीसह पूर्व विदर्भात महसुली दप्तरांत 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेली हजारो हेक्टर जमीन आहे. तीत कुठे घरे, कुठे शाळा, कुठे नुसता मुरूम. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने तीही जंगलच ठरवली. १९९६पूर्वी वाटलेल्या जमिनींना तेवढी वाट ठेवली. कोशकार कोण, तर दप्तरात 'झुडपी' लिहून गेलेला जुना कारकून!

पुढची व्याख्या करायची असेल, तर साहेबांनी एखाद्या बुरडाच्या अंगणात बसून करावी. शक्यतो पावसाळ्यात यावे. वास्ते ताजे मिळतात.