पत आणि पत्रा

खानदेशात दाराशी नवी गाडी आली की आधी तिच्याभोवती प्रदक्षिणा होते आणि मग तिची परीक्षा सुरू होते. पहिला प्रश्न, ‘कोणत्या कंपनीची?’ दुसरा, ‘ॲव्हरेज किती देते?’ तिसरा, ‘उद्या विकायची म्हटली तर काय येतील?’ तेवढ्यात एखादा जाणता गृहस्थ पुढे होतो, दारावर बोटाच्या पेराने टकटक करतो, कलिंगड घेताना देतात तसा कान देतो आणि ‘पत्रा चांगला आहे’ किंवा ‘पत्रा अगदीच पापड आहे’ असा निकाल देऊन मोकळा होतो. परीक्षा संपते, पेढे वाटले जातात. ही गाडी समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली तर आत बसलेल्या पाच जणांचे काय होईल, हा चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. शुभकार्यात अशुभ बोलायचे नसते ना!

आमच्या घरातही गाडी घ्यायचे घाटत होते आणि घरात जितकी माणसे तितकी मते होती. मेहुण्यांचे म्हणणे, त्या एका कंपनीशिवाय दुसऱ्या कोणाकडे पाहूच नये. मुलाचे म्हणणे, ती कंपनी आता म्हाताऱ्यांची झाली. शेजाऱ्यांचे म्हणणे, मुलगा सांगतो ती कंपनी टॅक्सीवाल्यांची. गंमत अशी, की यांतल्या एकानेही ज्या गाडीवरून वाद चालला होता ती स्वतः चालवलेली नव्हती. सगळे बोलत होते ते नावावर. शेवटी मी नाशिकहून तशीच एक छोटी गाडी चार दिवसांसाठी भाड्याने घेतली, चालक न घेता, आणि शिंदखेड्याला घेऊन आलो.

तिचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. नाव सांगितले की वाचकांचे निम्मे मत तिथेच तयार होते आणि उरलेला लेख वाया जातो. जातकुळी तेवढी सांगतो. ज्यांना हल्ली ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात त्यांतली ती. सांगाडा साध्या मोटारीचा, डौल जीपचा. जमिनीपासून उंच, नाक वर केलेली, पण लांबीला चार मीटरच्या आत. या चार मीटरांमागे सौंदर्यशास्त्र नाही, करशास्त्र आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना झाली तेव्हाही अशा गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के, असा भेद राहिलाच. त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांची पाठ शिंप्याने कापड कमी पडल्यावर आखूड शिवावी तशी दिसते.

आता अनुभव. चांदवडच्या पुढे राहुड घाटात, आत पाच माणसे आणि डिकीत सामान असताना, इंजिन दमले. खालचा गियर टाकावा लागला आणि आवाज वाढला. सपाटीला लागताच तीच गाडी शहाण्या मुलासारखी वागली. लळिंगचा किल्ला मागे पडला, धुळे ओलांडले, नरडाण्याहून आत वळलो आणि मग उंचीचा उपयोग कळला. ज्या गतिरोधकांवर आमची जुनी गाडी पोट घासत असे, ते हिने दखल न घेता ओलांडले. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. त्यांना खाली वाकून बसावे लागले नाही आणि उतरताना कोणाचा हात धरावा लागला नाही. माझ्या दृष्टीने हा एक गुण पुष्कळ झाला. उलट मागच्या बाकावर तिघे दाटीने बसले आणि मधल्याचे कौतुक कोणी केले नाही. मागची काच इतकी लहान, की मागे घेताना डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्यावर भरवसा ठेवावा लागला. एसी कमी करायला बटण नाही. त्यासाठी पडद्यावर बोट फिरवायचे, म्हणजे तेवढा वेळ रस्त्यावरची नजर काढायची. हे मला मुळीच आवडले नाही.

ही सारी माहिती शोरूममध्ये मिळाली नसती. शोरूममधली चाचणी म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. गाडी न्हाऊमाखू घातलेली, विक्रेता शेजारी, रस्ता त्याच्या पसंतीचा आणि वेळ दहा मिनिटे. भाड्याची गाडी म्हणजे नांदून चार वर्षे झालेली सून. तिने बरेवाईट हात सोसलेले असतात. मला मिळालेली गाडी साठ हजार किलोमीटरच्या वर फिरली होती. क्लच थोडा जड झाला होता आणि डाव्या दाराचे रबर सुटले होते. पण खड्ड्यात गेल्यावर खुळखुळ्यासारखी वाजत नव्हती. गाडी नवी असताना कशी आहे हे कोणीही सांगेल. परक्यांनी वापरून ती काय होते, हे भाड्याचीच गाडी सांगते.

गावात मात्र तिच्या गुणदोषांकडे कोणाचे लक्ष नव्हते. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, टॅक्सीची याच्या उलट. ती पाटी पाहून पारावरून विचारणा झाली, ‘दादा, नवी लिधी का भाड्यानी शे?’ भाड्याची म्हटल्यावर निम्म्यांचा रस संपला. उरलेल्यांनी कंपनीचे चिन्ह पाहिले आणि आपापल्या घराण्याची मते ऐकवली. कोणाच्या काकांची याच कंपनीची गाडी पंचवीस वर्षांपूर्वी मालेगावला बंद पडली होती. तो निकाल अजून कायम होता. त्यावर अपील नव्हते.

मी हयात बँकेत काढली, बरीचशी गावोगावच्या शाखांत. त्यामुळे ‘नाव’ या शब्दाला मी ‘पत’ असा प्रतिशब्द वापरतो. पत म्हणजे परवाचे वर्तन पाहून उद्यासाठी टाकलेला विश्वास. परंतु बँक पत देते ती काही अटींवर. व्यापाऱ्याला कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर झाली तरी ती दरवर्षी नव्याने तपासली जाते. गोदामात माल किती, येणे किती, देणे किती, याचे पत्रक त्याला ठरल्या वेळी द्यावे लागते. आजोबा सचोटीचे होते एवढ्यावर नातवाची मर्यादा वाढत नाही आणि वडिलांनी एकदा हप्ता चुकवला म्हणून मुलाला दारातून परत पाठवत नाहीत. निदान पाठवू नये. गाडीच्या कंपनीला आपण देतो ती पत मात्र बिनतारणी, बिनमुदतीची आणि वंशपरंपरागत असते.

गेल्या पंचवीसतीस वर्षांचा इतिहास पाहिला तर अशी पत किती फसवी ठरते ते दिसते. टाटांची इंडिका १९९८ च्या डिसेंबरात आली. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने दुरुस्त्या केल्या आणि २००१ मध्ये ‘व्ही-टू’ आणली. ती इतकी चालली, की टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. वास्तविक दिवसाला तीनतीनशे किलोमीटर धावून पोट भरणाऱ्या माणसाने निवडलेली गाडी, ही केवढी शिफारस! पण घरगुती गिऱ्हाइकाने अर्थ उलटा लावला: ही टॅक्सी, आपल्या दारात शोभणार नाही. २०१८ मध्ये इंडिका बंद झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात याच कंपनीच्या, पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनला ‘ग्लोबल एनकॅप’च्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला ते प्रथमच मिळत होते. पुढे २०२४ मध्ये तिची धाकटी बहीण पंच ही देशात सर्वांत जास्त खपलेली मोटार ठरली. तो मान सुमारे चार दशकांनी मारुतीच्या बाहेर गेला. पारावर मात्र मालेगावची हकीकत चालूच होती.

याच्या उलट गोष्ट फियाटची. तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन रांजणगावला बनत असे. मारुतीने तेच इंजिन परवान्याने बनवून स्विफ्ट आणि डिझायरमध्ये घातले, टाटांनी इंडिका व्हिस्टात घातले. लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. त्या इंजिनाच्या गाड्यांवर गिऱ्हाइकांच्या उड्या पडत होत्या. पण ज्या घरात ते जन्मले त्या फियाटच्या पुंतो आणि लिनिया पुरेशा खपल्या नाहीत आणि कंपनीने इथला आपल्या नावाचा मोटारधंदा आवरला. इंजिन तेच, पण विक्रीनंतरच्या सेवेविषयी लोकांच्या मनात धास्ती होती. ती धास्ती अनाठायी होती असे मी म्हणत नाही. शिंदखेड्यात राहणाऱ्या माणसाला मोठ्या कामासाठी धुळे गाठावे लागते. सुटा भाग महिनाभर मिळाला नाही तर उत्तम इंजिनाची पूजा करून काय उपयोग? नावात असा काही भाग खरा असतो. तो कोणता आणि निव्वळ ऐकीव कोणता, एवढे वेगळे काढता आले पाहिजे.

ते काढायला एक सोपे उदाहरण बाजारातच आहे. मारुतीची बलेनो २०१९ पासून टोयोटाच्या नावाने ग्लान्झा म्हणून विकली जाते आणि मारुतीची फ्रॉन्क्स ही छोटी क्रॉसओव्हर २०२४ पासून टोयोटाची टायझर झाली आहे. सांगाडा तोच, इंजिन तेच; जाळी, दिवे आणि चिन्ह वेगळे. तरीही ‘टोयोटा ती टोयोटाच!’ असे म्हणत पत्र्यावर टकटक करणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. वॉरंटी, सेवा किंवा किंमत यांत कोणाला फरक मिळत असेल तर त्याने तो जरूर मोजावा. पण तो कागदावरचा फरक आहे, पत्र्यातला नाही.

आता तो राहिलेला चौथा प्रश्न. २०१४ च्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. पाचही गाड्यांना शून्य तारे. त्यांत टाटांची नॅनो होती, मारुतीची अल्टो होती, तशीच चाकणला बनणारी फोक्सवॅगनची पोलोही होती. जर्मन नाव, भक्कम सांगाडा, दार लावले की तिजोरीसारखा आवाज! तरी शून्य, कारण त्या पोलोत एअरबॅग नव्हत्या. त्याच पोलोला दोन एअरबॅगांसह चार तारे मिळाले. नाव तेच, पत्रा तोच. फरक दोन पिशव्यांचा. मारुतीच्या एस-प्रेसोला २०२० मध्ये शून्य तारे होते आणि त्याच मारुतीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच. महिंद्रांच्या एक्सयूव्ही-३०० ने २०२० मध्ये पाच तारे मिळवले. म्हणून ‘अमकी कंपनी सुरक्षित, तमकी डबा’ हे वाक्यच चुकीचे आहे. सुरक्षित किंवा असुरक्षित असते ते त्या कंपनीचे ते मॉडेल, त्या वर्षीचे.

आणि नाव कितीही मोठे असले तरी काही कामे ते करू शकत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज आदळली. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेले दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. आमच्या मुंबई–आग्रा रस्त्यावरून लग्नाला निघालेल्या गाड्या पाहा: मागे चार मोठे, मांडीवर दोन लहान, आणि सीटच्या खोबणीत दडपून टाकलेले पट्टे. गाडी मोठ्या नावाची घेतली, आता चिंता कसली!

आमच्याकडे दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. घोड्याचे घराणे तिथेही विचारतात. पण जाणता गिऱ्हाईक घराण्यापाशी थांबत नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो, स्वार बसवून चाल पाहतो आणि मगच हात पुढे करतो. घोड्याच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या दाखवलेले हे शहाणपण, सात वर्षांचे म्हणजे चौऱ्याऐंशी हप्त्यांचे कर्ज डोक्यावर घेताना आपण घरी का विसरून जातो?

ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. सगळ्याच गाड्या तिच्यातून जातात असे नाही, कारण ती ऐच्छिक आहे. पण गेलेल्यांचे निकाल कोणालाही पाहता येतात. तेव्हा पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घ्यायला निघालात तर शोरूममध्ये विचारा, की नेमक्या याच मॉडेलची धडक चाचणी झाली आहे का आणि मोठ्यांसाठी किती तारे, मुलांसाठी किती. मागच्या बाकावर किती पट्टे आहेत ते हात घालून पाहा. जवळची कार्यशाळा किती मैलांवर आहे ते काट्यावर मोजा. जमल्यास तशीच गाडी दोनचार दिवस भाड्याने आणून आपल्या रस्त्यावर, आपल्या माणसांसह चालवा. त्याचा खर्च गाडीच्या एका हप्त्याहून फारसा जास्त येत नाही. काळ्या पाटीवरून कोणी काही बोलले तर बोलू द्या. एवढे केल्यावर कंपनीचे नाव अवश्य विचारा आणि मग पेढे वाटा.